घर, कचेरी आणि कामाचं मोजमाप: अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाचं प्रकरण

२० जानेवारी २०२५ रोजी, शपथविधीच्याच दिवशी, डोनाल्ड ट्रम्प यांनी अमेरिकेच्या सगळ्या केंद्रीय खात्यांना एक आदेश पाठवला. आदेश जेमतेम परिच्छेदभर होता. घरून किंवा दूरवरून काम करण्याच्या व्यवस्था लवकरात लवकर बंद करा, कर्मचाऱ्यांना पूर्ण वेळ कार्यालयात हजर करा, आणि खातेप्रमुखांना ज्या सवलती गरजेच्या वाटतील त्या त्यांनी द्याव्यात. बहुतेक खात्यांच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ होता: कोविडच्या काळात लागलेली घडी मोडायची आणि जुनी बसवायची. पण व्हर्जिनिया राज्यातल्या अलेक्झांड्रिया शहरात एक कार्यालय असं होतं, जिथे घरून काम साथीमुळे आलेलं नव्हतं. तिथे ते १९९७ पासून चालत आलं होतं.

हे कार्यालय म्हणजे यूएस पेटंट अँड ट्रेडमार्क ऑफिस, पुढे नुसतं पेटंट कार्यालय म्हणू. अभ्यासासाठी हेच निवडण्याचं कारण सांगतो. सरकारी कर्मचाऱ्याने घरून काम करावं की नाही, हा वाद जिथे तिथे अनुभवाच्या आणि संशयाच्या जोरावर लढवला जातो. कर्मचारी सांगतो, घरी काम जास्त उरकतं. साहेबाला वाटतं, घरी बसून फुकटचा पगार खातात. दोघांकडेही दाखवायला कागद नसतो. पेटंट कार्यालयात मात्र कागदांचा ढीग आहे. इथे प्रत्येक परीक्षकाचं काम आकड्यात मोजलं जातं, सरकारच्याच तपास यंत्रणेने या व्यवस्थेचं कौतुकही केलंय आणि वाभाडेही काढलेत, आणि वर बाहेरच्या संशोधकांनी निकाल तपासले आहेत.

परीक्षकाचं टेबल

आधी हे काम नेमकं काय असतं ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पेटंटचा अर्ज परीक्षकाकडे येतो. अर्जाचा जीव त्यातल्या दाव्यांत, म्हणजे शोधातलं नेमकं काय आपलं हे सांगणाऱ्या वाक्यांत असतो. प्रत्येक दावा एकाच वाक्यात लिहायचा असतो, आणि ते वाक्य कधीकधी अर्धं पान भरतं. परीक्षक तो दावा फोडून वाचतो आणि मग शोधाला लागतो: जुनी पेटंटं, संशोधनपत्रिका, परदेशी कागदपत्रं. हे आधी कुणी केलंय का, आणि नसेल केलं तरी त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचलं असतं का, या दोन प्रश्नांची उत्तरं त्याला हवी असतात. शोध संपला की तो सविस्तर उत्तर लिहितो. कोणता दावा टिकतो, कोणता कशामुळे पडतो. अर्जदाराचा वकील त्यावर म्हणणं मांडतो, दावे दुरुस्त करतो. शेवटी मंजुरी किंवा अंतिम नकार. यातला बहुतेक वेळ माणूस एकटा, पडद्यासमोर, डोकं खुपसून बसलेला असतो.

या प्रत्येक टप्प्याला गुण आहेत. २०१० च्या सुधारणेनंतरच्या पद्धतीत साध्या अर्जाच्या पहिल्या सविस्तर उत्तराला १.२५, अंतिम नकाराला ०.२५ आणि प्रकरण निकाली काढल्यावर ०.५ असे मिळून दोन. एका प्रकरणाला किती तास मिळणार, हे तंत्रज्ञानाचं क्षेत्र आणि परीक्षकाची श्रेणी पाहून ठरतं. सर्वांत खालच्या श्रेणीतल्या नवख्याला ज्या अर्जासाठी अंदाजे चोवीस-पंचवीस तास मिळतील, त्याच अर्जासाठी वरच्या श्रेणीतल्या मुरलेल्या परीक्षकाला दहाच तास मिळतात. दर दोन आठवड्यांनी ८० तासांचा हिशोब लिहून द्यायचा. सरकारी नोकरीत इतकं काटेकोर माप लावता येईल अशी पदं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील.

अठरा जणांपासून कायद्यापर्यंत

१९९७ मध्ये ट्रेडमार्क तपासणाऱ्या १८ वकिलांपासून हा प्रयोग सुरू झाला. २००६ मध्ये पेटंट परीक्षकांसाठी मोठी योजना आली. परीक्षकाने कार्यालयातली स्वतःची खोली सोडायची, घरून काम करायचं, आणि ज्या दिवशी कार्यालयात यायचं असेल त्या दिवसापुरती जागा आधी राखून ठेवायची. हे कर्मचाऱ्यांच्या प्रेमापोटी झालं नव्हतं, हे लक्षात घ्यायला हवं. परीक्षकांची भरती जोरात सुरू होती, अर्जांचा साठा वाढत होता आणि इमारती अपुऱ्या पडत होत्या. त्यात राजधानीच्या परिसरात घरं महाग, वाहतूक जीवघेणी. शिकवून तयार केलेली माणसं दोन-चार वर्षांत सोडून जायची. माणसं टिकवायची आणि भाडं वाचवायचं, या दोन गरजांतून योजना जन्मली.

फेब्रुवारी २०१० मध्ये वॉशिंग्टन परिसरात इतका बर्फ पडला की केंद्रीय कार्यालयं लागोपाठ चार दिवस बंद राहिली. पेटंट परीक्षक आपापल्या घरून अर्ज तपासत राहिले. घरून काम ही आणीबाणीतही कामकाज चालू ठेवण्याची सोय आहे, हे राज्यकर्त्यांना त्या आठवड्यात जसं पटलं तसं ते एरवी कुठल्या अहवालाने पटलं नसतं. त्याच वर्षी ९ डिसेंबरला बराक ओबामा यांनी घरून कामाला चालना देणाऱ्या कायद्यावर सही केली, आणि त्या कायद्यात पेटंट कार्यालयासाठी एक खास तरतूद होती.

ही तरतूद या प्रकरणाचा कणा आहे. तोवरचा केंद्रीय नियम असा होता की अलेक्झांड्रिया हेच तुमचं कामाचं ठिकाण राहायचं असेल, तर दर दोन आठवड्यांत किमान दोनदा तिथे प्रत्यक्ष हजेरी लावा. म्हणजे घरून काम, पण घर फार लांब असून चालणार नाही. नव्या तरतुदीनुसार परीक्षकाला ५० मैलांपलीकडे, देशात कुठेही राहता आलं. त्या बदल्यात त्याने दोन गोष्टी दिल्या. पहिली, त्याचं गाव हेच त्याचं कामाचं ठिकाण ठरलं, त्यामुळे पगारातला स्थानिक भत्ता त्या गावाच्या दराने मिळू लागला. तो राजधानीपेक्षा बहुधा कमीच. दुसरी, कार्यालयाने अलेक्झांड्रियाला बोलावलं तर जाण्यायेण्याचा खर्च त्याने स्वतःच्या खिशातून करायचा. योजनेवर देखरेख करणाऱ्या समितीत व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांचे सारखेच प्रतिनिधी होते.

म्हणून या व्यवस्थेला ‘सवलत’ म्हणणं मला चुकीचं वाटतं. सवलत देणारा केव्हाही काढून घेऊ शकतो. इथे माणसाने प्रवासखर्चावरचा हक्क सोडला, कमी भत्ता पत्करला, घर विकलं, मुलांच्या शाळा बदलल्या. सरकारचं भाडं वाचलं, भत्ता वाचला, प्रवासखर्च वाचला. हा दोन्ही बाजूंनी काही देऊन केलेला व्यवहार होता.

एकाच यंत्रणेची दोन मतं

पेटंट कार्यालय वाणिज्य खात्याखाली येतं आणि या खात्याच्या महानिरीक्षकांचं काम गैरकारभार शोधून काढण्याचं आहे. २०१२ मध्ये त्यांनी परीक्षकांच्या या योजनेचा अहवाल दिला आणि योजना यशस्वी ठरत असल्याचं नोंदवलं. घरून काम करणारे परीक्षक कार्यालयात बसणाऱ्यांपेक्षा वर्षाला सरासरी ६६.३ तास जास्त प्रत्यक्ष तपासणीवर घालवत होते. त्यातून माणशी वर्षाला साडेतीनच्या आसपास जास्तीचे अर्ज हातावेगळे होत होते. कारण साधं होतं: रजा कमी पडत होती, वाया जाणारे तास कमी होते.

मग २०१४ उजाडलं. पेटंटवरच्या अपिलांची सुनावणी करणारं एक मंडळ या कार्यालयात आहे. तिथल्या न्यायाधीशांना मदत करायला सहायक कर्मचारी नेमले होते. पण नव्या न्यायाधीशांची भरती रखडली, आणि सहायकांना द्यायला कामच उरलं नाही. महानिरीक्षकांच्या अहवालानुसार काही वर्षं हे लोक घरी बसून पगार घेत राहिले. काम नसलेले तास हिशोबात ‘इतर वेळ’ या खात्यावर टाकले जात. त्या वेळेत कुणी टीव्ही पाहिला, कुणी कपडे-भांडी उरकली. ५० लाख डॉलरहून जास्त रक्कम वाया गेल्याचा ठपका ठेवला गेला, वर्तमानपत्रांत बातम्या झळकल्या, नोव्हेंबरमध्ये संसदेच्या समित्यांपुढे सुनावणी झाली. घरून काम म्हणजे लूट, असं मत तिथे पक्कं झालं.

पण अहवाल नीट वाचला तर दोष कुठे होता ते दिसतं. पर्यवेक्षकांना काम नसल्याचं माहीत होतं. ‘इतर वेळ’ लिहिण्याची मुभा त्यांनीच दिली होती. हे लोक अलेक्झांड्रियात खुर्चीवर बसले असते तर तीच रक्कम तशीच खर्च झाली असती. फरक एवढाच की रिकामं बसलेलं माणूस कुणाच्या तरी डोळ्यांसमोर असतं आणि त्याने बघणाऱ्याला उगाच समाधान वाटलं असतं. काम न देणाऱ्या अधिकाऱ्याची चूक काम मागूनही न मिळालेल्या कर्मचाऱ्याच्या घराच्या पत्त्यावर टाकली गेली, ही गोष्ट मला फार खटकते.

याच्या पुढच्या वर्षीचं प्रकरण वेगळं, आणि तिथे कर्मचाऱ्याची बाजू घेण्याचं कारण नाही. एका परीक्षकाने एका वर्षात किमान ७३० तास काम न करता पगार उचलला, असं चौकशीत दिसलं. त्याचं काम दर्जाने सुमार होतं, ते वेळेवर नव्हतं, आणि तरीही निनावी तक्रार येईपर्यंत पर्यवेक्षकाने त्याच्या नोंदी तपासल्या नव्हत्या. नोंदी मात्र सगळ्या होत्या.

नोंदी होत्या म्हणूनच २०१६ चा मोठा अहवाल शक्य झाला. महानिरीक्षकांनी आठ हजारांहून अधिक परीक्षकांचे पंधरा महिन्यांचे तास घेतले आणि ते इमारतीच्या दारावरच्या ओळखपत्राच्या नोंदी, संगणक सुरू-बंद झाल्याच्या नोंदी यांच्याशी ताडून पाहिले. २,८८,४७९ तासांना कसलाच आधार सापडला नाही. किंमत १ कोटी ८३ लाख डॉलर. मथळ्यांमध्ये हेच आकडे आले. मथळ्यांत न आलेला आकडा असा की हे तास एकूण तासांच्या दोन टक्क्यांच्या आसपास होते, आणि त्यातला मोठा वाटा चारशेच्या आसपास लोकांच्या नावावर होता. शिवाय आधार नसलेले तास फक्त घरी बसणाऱ्यांचे नव्हते. कार्यालयात येणाऱ्यांचेही होते. त्याआधी २०१५ मध्ये नॅशनल अकॅडमी ऑफ पब्लिक अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या संस्थेने स्वतंत्र पाहणी केली होती. वेळेच्या नोंदीतला गैरप्रकार सर्रास चालतो किंवा तो घरून काम करणाऱ्यांपुरताच आहे, असं त्या पाहणीत आढळलं नव्हतं.

२०१६ च्या अहवालातली सर्वांत बोलकी गोष्ट वेगळीच आहे. ज्यांच्या तासांना आधार नव्हता, त्यांतल्या बऱ्याच जणांना वर्षाअखेर सरासरीपेक्षा वरचा शेरा मिळाला होता. म्हणजे ठरलेलं काम ते कमी तासांत पूर्ण करत होते आणि उरलेले तास भरून काढल्याचं दाखवत होते. महानिरीक्षकांनी सुचवलं की कामाचा कोटा पुन्हा तपासा. कार्यालयाने २०१९ मध्ये तो तपासला आणि अनेक अर्जांसाठी वेळ उलट वाढवून दिला, कारण तंत्रज्ञान गुंतागुंतीचं झालं होतं आणि चाळायचं साहित्य अफाट वाढलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. एखाद्या क्षेत्रातल्या हुशार परीक्षकाला कोटा सैल पडतो, शेजारच्या क्षेत्रात तोच कोटा माणसाला रात्री जागवतो. हा प्रश्न टेबल घरात आहे की कचेरीत, याने सुटत नाही. ज्या अधिकाऱ्याला त्या क्षेत्रातलं काम कळतं, त्याने बसून सोडवायचा असतो.

पत्ता बदलल्यावर काय झालं

संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात ठरलं होतं की दर महिन्याला ठरावीक संख्येनेच परीक्षकांना २०१० च्या तरतुदीतून आलेल्या ‘कुठूनही काम’ योजनेत घ्यायचं. या प्रशासकीय तडजोडीचा संशोधकांना फार उपयोग झाला. सारखेच पात्र परीक्षक, पण कुणाचा नंबर आधी लागला, कुणाचा नंतर. त्यामुळे दोन गटांची तुलना करता आली. पृथ्वीराज चौधरी, सिरस फोरूगी आणि बार्बरा लार्सन यांनी ती केली आणि त्यांचा निबंध २०२१ मध्ये छापून आला. ही मंडळी आधीपासून घरूनच काम करत होती, फक्त घर राजधानीच्या आसपास हवं होतं. ती अट गेल्यावर त्यांचं काम ४.४ टक्क्यांनी वाढलं, आणि पुन्हा करावं लागणारं काम वाढल्याचं दिसलं नाही. बरेच परीक्षक स्वस्ताईच्या गावांत गेले. निवृत्तीकडे झुकलेल्यांचा ओढा फ्लोरिडाच्या किनाऱ्याकडे होता.

हा ४.४ चा आकडा घेऊन कुणी प्रत्येक खात्याला घरी पाठवू नये. पेटंट तपासणी हे एकट्याने करायचं, मोजता येणारं, संगणकावरचं काम आहे. नागरिक ज्या खिडकीसमोर उभे असतात तिथल्या कारकुनाला, किंवा दहा जणांना एकत्र बसवून धोरण आखणाऱ्या अधिकाऱ्याला हा निष्कर्ष लागू होत नाही. पण पेटंट परीक्षकाला तो लागू होतो, आणि २०२५ चा आदेश त्यालाही उद्देशून होता.

परतीचा आदेश

आदेश आला तेव्हा कार्यालयाची अडचण अगदी जमिनीवरची होती. सगळ्यांना बसवायला जागा नव्हती. घरून काम रुळल्यावर अलेक्झांड्रियातली भाड्याची जागा सुमारे एक तृतीयांशाने कमी करायचा निर्णय जेमतेम वर्षभरापूर्वी झाला होता, आणि तो त्या वेळी काटकसर म्हणून गौरवला गेला होता.

दुसरी अडचण कराराची. परीक्षकांच्या संघटनेशी झालेल्या करारात घरून कामाची कलमं होती, त्यामुळे सुरुवातीला परीक्षकांना हात लावता आला नाही. बोलावणं आलं ते कराराबाहेरच्या व्यवस्थापकांना आणि पर्यवेक्षकांना. आता त्या पर्यवेक्षकाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. तो सकाळी गाडी काढून अलेक्झांड्रियाला येतो, टेबलाशी बसतो, संगणक सुरू करतो आणि ज्या माणसांवर देखरेख करायची त्यांच्याशी काल घरून जसा बोलत होता तसाच पडद्यावरून बोलतो, कारण ती माणसं टेक्सासात, ओहायोत, फ्लोरिडात आहेत. आधीच्या चौकशी अहवालांनी ज्या जागी बोट ठेवलं होतं ती म्हणजे पर्यवेक्षकाने नोंदी पाहणं, काम वाटून देणं, दर्जा तपासणं. त्यातलं काहीही या प्रवासाने बदलत नाही. बदलतं ते एवढंच की अनुभवी परीक्षकाला पर्यवेक्षक होण्यात रस उरत नाही, कारण बढती घेतली की घर सोडावं लागणार.

२८ ऑगस्ट २०२५ ला आणखी एक आदेश निघाला. राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन पेटंट आयुक्तांचं कार्यालय आणि त्याच्या हाताखालचे विभाग सामूहिक वाटाघाटींच्या कायद्यातून वगळले गेले. घरून कामाची कलमं ज्या करारावर उभी होती, त्याचा कायदेशीर आधारच असा काढून घेतला गेला. आणि त्याच वर्षी, ऑक्टोबरमध्ये, डेन्व्हरचं प्रादेशिक कार्यालय बंद झालं. म्हणजे कार्यालयात या असं सांगणारं सरकार एकीकडे कार्यालयं कमीही करत होतं.

हे सगळं सुरू झालं तेव्हा तपासणीच्या प्रतीक्षेतल्या अर्जांची संख्या आठ लाखांच्या वर होती. अर्जदाराला तारीख कळत नाही, गुंतवणूकदार थांबून राहतो, छोटा संशोधक दमून जातो. परीक्षक कुठे बसलाय याच्याशी या माणसाला कर्तव्य नाही. अनुभवी परीक्षक नोकरी सोडून गेला तर मात्र त्याला थेट फटका बसतो, कारण जे काम मुरलेला माणूस दहा तासांत करतो त्याला नवख्याचे पंचवीस लागतात.

कार्यालयात परतण्याच्या बाजूने एक मुद्दा खरोखर वजनदार आहे, आणि तो आदेशात कुठेही नव्हता. तो नवख्यांचा. शोध कसा घ्यायचा, वकिलाचा युक्तिवाद कुठे पोकळ आहे हे कसं ओळखायचं, कुठे थांबायचं, हे पुस्तकातून अर्धंच येतं. बाकीचं शेजारी बसलेल्या जुन्या माणसाकडे पाहून येतं. कार्यालयालाही हे माहीत होतं. म्हणूनच परीक्षकांना घरून काम मिळण्याआधी साधारण दोन वर्षं कार्यालयात काढावी लागत. ती अट मला आजही योग्य वाटते, आणि गरज पडली तर वाढवावी असंही वाटतं. पण नवख्याला अलेक्झांड्रियात बसवलं तरी त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे. शिकवू शकेल असा माणूस आठशे मैलांवर आहे. त्याला आणायचं असेल तर नुसता आदेश पुरणार नाही: महिन्यातून आठवडाभर, सरकारी खर्चाने, आणि त्या आठवड्यापुरता कोटा कमी करून आणावं लागेल. अर्जाच्या पहिल्या उत्तराला १.२५ गुण आहेत. नवख्याला शोध घेऊन दाखवण्याला या तक्त्यात गुणच नाहीत, त्यासाठी वेगळा वेळ मंजूर करून घ्यावा लागतो. तो वेळ कोण मंजूर करणार, कुठल्या खात्यावर टाकणार आणि त्या आठवड्याचा प्रवासखर्च कोण देणार, हे कागदावर यायला हवं.